‘मी’ची आडवळणे : मौलाना आझादांच्या आत्मपर लेखनाचा विचार

१

मौलाना अबुल कलाम आझाद (१८८८–१९५८) ह्यांच्या चरित्राची एक ठरावीक मांडणी रूढ झाली आहे. मक्केतील जन्म, कलकत्त्यातील पीर घराण्यात गेलेले बालपण आणि घरातच पूर्ण झालेले परंपरागत धर्मशिक्षण हा तिचा आरंभ. १९१२ साली सुरू केलेल्या ‘अल-हिलाल’ ह्या उर्दू साप्ताहिकाने मिळवून दिलेली कीर्ती, खिलाफत चळवळ आणि १९२० पासूनचा गांधींचा सहवास हा मध्य. १९२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मिळालेले काँग्रेसचे अध्यक्षपद, १९४० ते १९४६ ह्या काळातील दुसरे अध्यक्षपद आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्रिपद हा शेवट. ह्या मांडणीला एक कथानक आहे. एक धर्मपंडित हळूहळू धर्माच्या चौकटीबाहेर आला आणि राष्ट्रीय नेता झाला, हे ते कथानक होय. त्यांच्या विरोधकांनी हेच कथानक उलटे वाचले. १९४० साली जीनांनी त्यांना काँग्रेसचे ‘शोभेचे’ मुसलमान अध्यक्ष म्हणून हिणवले, तेव्हा त्यातही हेच गृहीत होते की, राष्ट्रीय राजकारणात शिरणारा मौलाना आपली मूळ भूमी सोडून आलेला असतो.

गौरव आणि निर्भर्त्सना ह्या दोहोंना समान असलेले हे गृहीतक आझादांच्या आत्मपर लेखनाशी ताडून पाहिले, तर काय दिसते? ‘तजकिरा’ (१९१९), ‘कौल-ए-फैसल’ (१९२२), ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेले ‘इंडिया विन्स फ्रीडम’ (१९५९) ही चार पुस्तके चार वेगवेगळ्या निमित्तांनी सिद्ध झाली. त्यांच्यातील भाषा, वाचक आणि राजकीय संदर्भ बदलत गेले. एक गोष्ट मात्र टिकून राहिली. ह्या चारही ठिकाणी लेखकाचा ‘मी’ सरळ समोर येत नाही. तो उलेमांच्या आणि सूफींच्या परंपरेने सिद्ध केलेल्या कोणत्या तरी वाङ्मयीन साच्याच्या आडून बोलतो. राजकारणात शिरताना आझादांनी धर्मपंडिताचे साचे टाकून दिले नाहीत. पूर्वी ज्या कामासाठी ते साचे वापरले गेले नव्हते, त्या कामाला त्यांनी ते जुंपले. ह्या जुंपणीचे बळ आणि तिचे मोल ही दोन्ही त्यांच्या लेखनात तपासता येतात.

२

आत्मचरित्राची सैद्धान्तिक चर्चा करताना फिलिप लेज्यून ह्यांनी ‘करारा’ची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक ह्या तिघांचे नाव एकच असल्याची हमी मुखपृष्ठावरील नाव वाचकाला देते, आणि ह्या हमीवर आत्मचरित्राचे वाचन उभे राहते. आझादांच्या बाबतीत अडचण नावापासूनच सुरू होते. जन्मनाव मोहिउद्दीन अहमद. ‘अबुल कलाम’ ही उपाधी, म्हणजे वाणीचा पिता. ‘आझाद’ हे स्वतः निवडलेले टोपणनाव. वारशाने आलेल्या श्रद्धांच्या बंधनातून आपण मुक्त झालो, हे सुचविण्यासाठी ते घेतल्याचे त्यांनीच सांगितले आहे. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठा शिष्यसंप्रदाय असलेले पीर होते. त्यांची गादी चालविण्याचे मुलाने नाकारले आणि त्या नकारालाच आपले नाव केले.

म्हणजे मुखपृष्ठावरील नाव हेच मुळात एक लहानसे आत्मकथन आहे. परंतु ज्या परंपरेपासून ‘आझाद’ झाल्याचे हे नाव सांगते, तिच्यातील ‘मौलाना’ ही उपाधी त्याच्या आधी आयुष्यभर राहिली. ‘मौलाना आझाद’ ह्या दोन शब्दांच्या जोडीतील ताण हा पुढील सर्व लेखनाचा आशय आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३

१९१६ साली बंगाल सरकारने आझादांना प्रांताबाहेर घालविले. रांचीला ते प्रथम राहिले आणि मग नजरकैदेत अडकले. ही स्थानबद्धता १९१९ च्या अखेरपर्यंत चालली. ह्या काळात त्यांचे चाहते आणि प्रकाशक मिर्झा फजलुद्दीन अहमद ह्यांनी आत्मचरित्र लिहिण्याचा आग्रह धरला. आझादांनी जे लिहून दिले ते बहुतांशी पूर्वजांचे चरित्र होते.

‘तजकिरा’ हा फारसी आणि अरबी परंपरेतील प्रतिष्ठित प्रकार आहे. कवींचे, संतांचे, विद्वानांचे स्मरण करणारा चरित्रसंग्रह असे त्याचे रूप असते. तजकिरा लिहिणारा स्वतः आला तर शेवटी, चार ओळींत आणि नम्रतेने येतो. आझादांनी हा संकेत बाहेरून पाळला आहे. ग्रंथाचा मोठा भाग अकबरकालीन पूर्वज शेख जमालुद्दीन देहलवी आणि त्यांच्या काळातील धर्मपुरुषांना दिलेला आहे. स्वतःविषयीचा भाग अगदी शेवटी येतो, आणि तोही रूपकांनी इतका झाकलेला, की यौवनातील एका प्रेमानुभवाचा आणि त्यातून परत मिळालेल्या श्रद्धेचा उल्लेख ओळखता येतो, पण त्याचे तपशील हाती लागत नाहीत.

वरवर पाहता हा नकार आहे. निवडलेल्या पूर्वजांकडे आणि त्यांच्या सोबत्यांकडे पाहिले, की त्यामागील योजना लक्षात येते. अकबराला धार्मिक बाबतींत निर्णायक अधिकार देणाऱ्या १५७९ च्या जाहीरनाम्यावर सही करण्यास शेख जमालुद्दीन ह्यांनी नकार दिल्याचे ‘तजकिरा’ सांगतो. त्यांच्या कथेला लागून इमाम अहमद इब्न हम्बल, इब्न तैमिया, शेख अहमद सरहिंदी ह्यांची स्मरणे येतात. ह्या सर्वांना जोडणारा धागा एकच आहे, आणि तो म्हणजे सत्तेपुढे न वाकल्यामुळे सोसलेला छळ किंवा तुरुंग. स्थानबद्ध लेखक आपल्याविषयी काहीच बोलत नाही; पण तुरुंगात गेलेल्या पूर्वजांची अशी रांग लावतो, की तिच्या टोकाची मोकळी जागा वाचक आपोआप भरून काढतो. वंशावळ हा प्रकार पीर घराण्यात गादीचा हक्क सिद्ध करण्यासाठी वापरला जातो. ज्याने गादी नाकारली, त्याने त्याच प्रकाराने प्रतिकाराचा हक्क सिद्ध केला. ह्या वंशावळीच्या ऐतिहासिक विश्वसनीयतेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. त्या रास्त आहेत. मात्र ‘तजकिऱ्या’तील वंशावळ पुरावा म्हणून जितकी कच्ची, तितकीच युक्तिवाद म्हणून ती पक्की आहे.

४

डिसेंबर १९२१ मध्ये असहकार चळवळीत आझादांना अटक झाली. कलकत्त्याच्या न्यायालयापुढे त्यांनी दिलेले लेखी निवेदन ‘कौल-ए-फैसल’ म्हणजे निर्णायक वचन ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात बचाव नाही. राजद्रोहाचा आरोप ते मान्य करतात, आणि तो आपला धर्म असल्याचे सांगतात. न्यायालये ही रणांगणांखालोखाल अन्यायाची स्थळे ठरल्याचे सांगताना येशू, सॉक्रेटिस आणि गॅलिलिओ ह्यांची आठवण ते न्यायाधीशाला करून देतात.

जुलमी सत्ताधीशासमोर सत्य बोलणे ही इस्लामी परंपरेने श्रेष्ठ मानलेली कृती होय. ‘तजकिऱ्या’त जी पूर्वजांच्या नावे सांगितली होती, ती येथे लेखक स्वतः करतो. पाच वर्षांपूर्वी मोकळी ठेवलेली जागा आता भरली जाते. परंतु आता ह्या रांगेत इब्न हम्बल आणि इब्न तैमिया ह्यांच्या पुढे सॉक्रेटिस आणि गॅलिलिओ येऊन बसतात. हा बदल लहान नाही. सत्यासाठी सोसण्याच्या ज्या परंपरेचा वारसा आझाद सांगतात, तिची कुंपणे इस्लामी इतिहासापलीकडे सरकली आहेत. आणि हे सरकणे धर्मशास्त्राला बाजूला सारून घडत नाही. साक्षीची धर्मशास्त्रीय कल्पनाच पुरेशी गंभीरपणे घेतल्यामुळे घडते. पुढे ‘तर्जुमान-उल-कुरआन’ ह्या अपूर्ण राहिलेल्या भाष्यात (पहिला खंड १९३१, दुसरा १९३६) त्यांनी सर्व धर्मांच्या मुळाशी असलेल्या एकत्वाचा जो विचार मांडला, त्याची वाङ्मयीन पूर्वखूण ह्या नामावळीत आहे. म्हणूनच ‘आधी धर्म, नंतर राष्ट्र’ अशी काळाच्या क्रमाने केलेली विभागणी येथे टिकत नाही. राष्ट्रीय न्यायालयीन लढ्यातील हे निवेदन त्यांच्या सर्वांत धार्मिक लेखनांपैकी एक आहे.

ह्याच वर्षांत उलेमांचा एक सर्वमान्य प्रमुख निवडावा, अशी कल्पनाही चर्चेत होती आणि आझादांचे नाव त्यासाठी पुढे होते. उलेमांत एकमत न झाल्याने ती बारगळली. अधिकारपद म्हणून जे मिळाले नाही, ते अधिकारवाणी म्हणून लेखनात राहिले. ‘कौल-ए-फैसल’मधील स्वर एका आरोपीचा नाही, तो व्यासपीठावरून प्रवचन देणाऱ्याचा आहे. ह्या स्वरात शंका, चूक, पश्चात्ताप ह्यांना जागा नसते. आत्मचरित्राला मात्र त्यांच्यावाचून भागत नाही. म्हणून आझादांच्या आत्मपर लेखनात ‘मी’ला माणूस म्हणून श्वास घेण्यासाठी दुसरा साचा लागणार होता. तो त्यांना वीस वर्षांनी सापडला.

५

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या (२०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात आणले गेले. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदींच्या सोबत आझाद तेथे १९४५ पर्यंत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले. एका राष्ट्राचा शोध घेणारे ते पुस्तक आणि एका खोलीतल्या पहाटेचे वर्णन करणारे ‘गुबार-ए-खातिर’ एकाच तटबंदीत जन्मले, हा योगायोग महाराष्ट्रातील वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे.

‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी ह्या विद्वान मित्राला उद्देशून आहेत. सरकारी निर्बंधांमुळे ती पाठविता येणार नव्हती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. सूफी परंपरेत ‘मक्तूबात’ म्हणजे पत्रसंग्रहाला मोठे स्थान आहे. ‘तजकिऱ्या’त आलेल्या सरहिंदींची कीर्तीही मुख्यतः त्यांच्या पत्रांवर उभी आहे. तेथे गुरू शिष्याला उपदेश करतो. आझादांनी हा प्रकार घेतला आणि त्याची दोन्ही टोके सैल केली. पत्र घेणारा शिष्य नाही, बरोबरीचा मित्र आहे. आणि पत्र त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. उपदेशाचे कारण उरले नाही, तेव्हा बोलणे शक्य झाले. मग दुधावाचून घ्यायच्या चिनी चहावर पानेच्या पाने लिहिली जातात, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेले युद्ध आणि तह सांगितला जातो, अहमदनगरच्या इतिहासातील चांदबीबीची आठवण निघते, तरुणपणी शिकलेल्या सतारीची कबुली दिली जाते. मौलाना आणि सतार ही जोडी ‘कौल-ए-फैसल’च्या स्वरात कधीच बसली नसती.

ह्या संग्रहाचा कस लागतो तो एप्रिल १९४३ च्या पत्रात. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात मरणासन्न असल्याच्या बातम्या येत होत्या. काही विनंती असल्यास ती विनाविलंब वर पाठवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले, पण सरकारकडे काही मागणे आझादांनी नाकारले. बेगम ९ एप्रिलला निवर्तल्या. इथपर्यंतची कथा ‘तजकिऱ्या’तील पूर्वजांना शोभणारी आहे. परंतु पत्र तेथे थांबत नाही. रोज वर्तमानपत्र येण्याच्या वेळी आपण कसे शांतपणे लिहीत बसल्याचे दाखवीत होतो, आणि तो सगळा देखावा होता, मनातल्या अहंकाराने वठविलेले ते सोंग होते, हे लेखक स्वतः सांगतो. चार पुस्तकांत मिळून निर्विकार मुद्रेच्या मागे जाऊन तिची शहानिशा करणारा ‘मी’ ह्याच ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे भेटतो. धीराची परंपरा वारशाने मिळालेला माणूस त्या धीरातील अभिनय उघड करतो. अखेरीस आवारातील एका अनामिक जुन्या कबरीकडे तो नव्या जवळिकीने पाहू लागतो, आणि मुतम्मिम इब्न नुवैरा ह्या अरबी कवीने भावाच्या मृत्यूवर रचलेली विलापिका त्याला आठवते.

हा शेवट महत्त्वाचा आहे. कबुलीच्या कळसाला लेखक स्वतःच्या शब्दांत विलाप करीत नाही. दुसऱ्याच्या, तेराशे वर्षे जुन्या शोकाचा आधार घेतो. पांडित्याचे प्रदर्शन म्हणून ‘गुबार-ए-खातिर’मधील काव्यावतरणांवर टीका झालेली आहे, आणि काही पत्रांत ती खरीही आहे. येथे मात्र अवतरण हे टाळणे नाही. ज्याला रडण्याची भाषा परंपरेनेच दिली आहे, तो त्याच भाषेत रडतो. ‘मी’ आडवळणाने येतो, पण येतो.

६

‘इंडिया विन्स फ्रीडम’वरील चर्चा १९५९ पासून दोन मुद्द्यांभोवती फिरत राहिली. एक, आझादांच्या इच्छेनुसार बाजूला ठेवलेली तीस पाने. ती राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मोहोरबंद होती आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरा, पुस्तकातील तथ्यांच्या चुका. राजमोहन गांधींनी त्यांवर १९८९ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तीस पानांतून अपेक्षित स्फोट झाला नाही. व्यक्तींविषयीचे काही अभिप्राय अधिक धारदार झाले, इतकेच. तरीही पुस्तकाच्या रूपाकडे क्वचितच कोणी वळले.

हे पुस्तक आझादांनी लिहिलेले नाही. ते संध्याकाळी उर्दूत बोलत. तत्त्वज्ञ आणि बंगाली लेखक हुमायून कबीर टिपणे घेत आणि इंग्रजी मसुदा तयार करीत. तो वाचून आझाद दुरुस्त्या करीत, असे कबीर प्रस्तावनेत सांगतात. ह्यापूर्वी १९२१ च्या सुमारास तुरुंगात अब्दुर्रज्जाक मलीहाबादी ह्यांनाही आझादांनी आपली कहाणी अशीच तोंडी सांगितली होती. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही कथनांतील बालपणाचे काही तपशील जुळत नाहीत. उर्दू गद्याच्या ह्या शैलीकाराने आपले आयुष्य सलगपणे सांगितले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. उर्दू वाचकाला तर त्यांचे शेवटचे पुस्तक इंग्रजीतून अनुवादित होऊनच मिळाले.

ह्या पद्धतीलाही सूफी परंपरेत नाव आहे. ‘मल्फूजात’ म्हणजे गुरूने बोललेले आणि शिष्याने टिपलेले. निजामुद्दीन औलियांची वचने अमीर हसन सिज्जी ह्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये टिपली आणि ती टिपणे गुरूच्या नजरेखालून घातली. पुढे दख्खनला आलेल्या सिज्जींची कबर खुलताबादेत आहे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ ज्याच्या परिचयाचे आहे, त्या मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. मल्फूजातीत शब्द शिष्याचे असले तरी अधिकार गुरूचा असतो. पीरपद नाकारणाऱ्या आझादांचे अखेरचे आत्मकथन नेमक्या पीराच्या वाङ्मयीन रूपात आले, ही विसंगती त्यांच्या नावातील ताणाचे अंतिम रूप होय.

तिचे परिणाम पुस्तकात पदोपदी दिसतात. पहिल्या प्रकरणात आझाद एक दुरुस्ती करतात. महादेव देसाईंनी १९४० साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकल्याचे म्हटले होते. आझाद सांगतात की, आपण तेथे एक दिवसही विद्यार्थी नव्हतो, प्रश्नोत्तरांतून देसाईंचा गैरसमज झाला. दुसऱ्याच्या हाती गेलेल्या कथनाचे काय होते, ह्याची जाणीव करून देणारा हा परिच्छेद दुसऱ्याच्याच हातचा आहे. पुढे फाळणीच्या कथेत ही जाणीव मावळते. १९४६ ची कॅबिनेट मिशन योजना, १० जुलैची नेहरूंची मुंबईतील पत्रकार परिषद, स्वतः अध्यक्षपद सोडून नेहरूंचे नाव सुचविल्याचा खेद ह्या सर्वांत निवेदकाला बहुधा सर्व आधी कळलेले असते. आपले काही चुकल्याचे तो म्हणतो ते बहुतेक इतरांवर विश्वास टाकल्याबद्दल. मल्फूजातीतल्या गुरूला उलटप्रश्न विचारणारे कोणी नसते. पण फाळणीच्या इतिहासाला उलटप्रश्नांवाचून चालत नाही. पुस्तकातील चुकांचे मूळ वृद्धाच्या स्मृतीत शोधले जाते. त्याहून अधिक ते ह्या रूपाने दिलेल्या निःशंक अधिकारात आहे.

तरीही एका जागी हा स्वर मोडतो. १९४५ मध्ये सुटून कलकत्त्याला परतताना स्वागताच्या गर्दीतून आझाद गाडी पत्नीच्या कबरीकडे वळवायला सांगतात, आणि गाडीतील हारांपैकी एक तेथे वाहतात. ‘गुबार-ए-खातिर’मधील परक्या कबरीपुढे अरबी विलापिका होती, येथे स्वतःच्या कबरीपुढे एकही अवतरण नाही. कबीरांच्या साध्या इंग्रजीने उर्दूतील अलंकार गाळून टाकले म्हणून ही नग्नता आली, की आझादांनीच ती तशी सांगितली, हे संहितेवरून ठरविता येत नाही. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या आत्मकथेचे तोटे मोजताना तिची ही देणगीही मोजायला हवी.

७

आझादांना त्यांच्या हयातीत आणि नंतरही सतत साक्षीदार म्हणून उभे केले गेले. काँग्रेसला ते सर्वांची असल्याची साक्ष हवी होती, लीगला ते कोणाचेच नसल्याची. आजही त्यांचे नाव बहुधा कोणत्या तरी बाजूचा पुरावा म्हणून निघते. धर्मगुरू राष्ट्रीय राजकारणात आला, म्हणजे त्याने काय सोडले, हा प्रश्न अशा वाचनाला सोपा वाटतो. त्यांची पुस्तके दुसरा प्रश्न विचारायला लावतात. त्याने सोबत काय आणले, आणि त्याचे काय केले?

वंशावळीतून प्रतिकार, साक्षीतून मानवी समानतेचा विस्तार, न पाठविलेल्या पत्रातून स्वतःची झडती, ह्या तीन गोष्टी त्यांनी परंपरेच्या साच्यांकडून करवून घेतल्या. चौथा साचा मात्र त्यांना पुरून उरला. इतिहासाचे उत्तरदायित्व घेण्याच्या वेळी गुरुवाणीचा अधिकार आड आला. ही मर्यादा धर्माची नाही आणि राष्ट्रवादाचीही नाही. ती एका वाङ्मयप्रकाराची आहे, आणि म्हणून तिचा विचार करणे हे समीक्षेचे काम आहे. ज्या पुस्तकात आझाद सर्वाधिक वाचले जातात ते ‘इंडिया विन्स फ्रीडम’ असेल. पण आपला धीर हा अभिनय होता असे म्हणू शकणारा माणूस ज्याला भेटायचा आहे, त्याने अहमदनगरच्या किल्ल्यातील ते एप्रिलचे पत्र आधी उघडावे.